खिजगणतीत नसलेल्यांची गणती

‘सर्च’, गडचिरोली : चार दशकांची वाटचाल

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगेच्या पूर्वेला पसरलेला हा मुलूख जंगलाचा, धानाच्या बांध्यांचा, मोहाचा आणि तेंदूपत्त्याचा. इथे गोंड आणि माडिया आदिवासींची शेकडो गावे. पावसाळ्यात नाले भरले की त्यांतली कितीतरी गावे महिनोन्‌महिने तुटून पडत. सरकारी नोकराला गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा वाटे. इथल्या माणसाचे दुखणेखुपणे कोणाच्या खिजगणतीत नव्हते, आणि हे अगदी शब्दशः खरे होते. घरी जन्मलेले आणि चार दिवसांत घरीच दगावलेले बाळ कोणत्याच वहीत चढत नसे. बाईने वर्षानुवर्षे अंगावर काढलेला आजार कोणत्याच तक्त्यात येत नसे. जे मोजलेच गेले नाही त्याच्यासाठी ना औषध येई, ना डॉक्टर, ना पैसा.

‘सर्च’ या संस्थेचा इतिहास हा या न झालेल्या मोजणीचा इतिहास आहे. संस्थेने काय काय बांधले याची यादी देण्यापेक्षा, कोणाची गणती केली आणि ती कोणाच्या हातून करवली, हे सांगितले तर चार दशकांच्या कामाचा धागा वाचकाच्या हाती लागेल, असे आम्हांला वाटते.

तेंदूपत्त्याच्या गोदामात

संस्थेचे संस्थापक डॉ. अभय बंग यांचे बालपण सेवाग्राम-वर्ध्याच्या गांधीविचारांच्या वातावरणात गेले. वडील ठाकुरदास बंग हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि सर्वोदयी कार्यकर्ते. त्यांच्या पत्नी आणि सहसंस्थापक डॉ. राणी बंग चंद्रपूरच्या. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण नागपूरला झाले. वर्ध्याच्या परिसरात काही वर्षे गावांमध्ये काम केल्यावर दोघे अमेरिकेला गेले आणि 1984 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊन परतले. जगातले आरोग्य-संशोधन जिथे साधने आहेत तिथे होते आणि प्रश्न मात्र दुसरीकडेच असतात, ही विषमता त्यांनी तिथे जवळून पाहिली होती. म्हणून परतल्यावर त्यांनी महाराष्ट्राच्या एका टोकाचा, सर्वांत दुर्लक्षित जिल्हा निवडला.

1986 मध्ये गडचिरोली गावात कामाला सुरुवात झाली. तेंदूपत्ता साठवण्याचे एक गोदाम मिळाले. ते झाडूनपुसून तिथे संस्थेचे कार्यालय आणि प्रयोगशाळा थाटली गेली. ‘सोसायटी फॉर एज्युकेशन, ॲक्शन अँड रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ हे लांबलचक नाव लवकरच ‘सर्च’ एवढेच उरले. संस्थेत पुढे सगळेच या दोघांना ‘नायना’ आणि ‘अम्मा’ म्हणू लागले.

पहिला धडा सिकलसेलने दिला. रक्ताचा हा आनुवंशिक आजार गडचिरोलीत आहे हे संस्थेने तपासण्या करून दाखवले. सरकारनेही दखल घेतली. पण ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते ते लोक मात्र फिरकले नाहीत. हा आजार शास्त्रज्ञाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता, लोकांच्या रोजच्या दुखण्यात तो कुठेच नव्हता. संशोधनाचा विषय लोकांच्या गरजेतून आला पाहिजे, ही गाठ संस्थेने तेव्हा पदराला बांधली. पुढचे प्रत्येक काम त्या गाठीवर घासून पाहिले गेले.

अंगावर काढलेली दुखणी

त्या काळी खेड्यातल्या बाईच्या आरोग्याचा विचार म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. बाई गरोदर असेल तर ती आरोग्य खात्याला दिसे, एरवी दिसत नसे. राणीताईंच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र बाया वेगळेच काही सांगत होत्या : धुपणी, पाळीच्या तक्रारी, ओटीपोटातले दुखणे, मूल न होण्याचे दुःख. हे किती जणींना असेल? याचे उत्तर जगातल्या कोणत्याच पुस्तकात नव्हते. जे अभ्यास होते ते दवाखान्यात आलेल्या स्त्रियांचे होते. दवाखान्यापर्यंत न पोचणारीचे काय, हे कोणी विचारलेच नव्हते.

वसा आणि अमिर्झा या दोन गावांत हा प्रश्न विचारायचे ठरले. तपासणी करून घेण्याची इथल्या बायकांना सवय नव्हती, आणि तीही अशा आजारांसाठी, ज्यांच्याबद्दल घरातही बोलायची चोरी. गावाला विश्वासात घेऊन, जाणत्या बायकांना सोबत घेऊन काम सुरू झाले. 650 स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग निघाले. आणि आयुष्यात याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या 8 टक्के.

1989 च्या जानेवारीत हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. समाजातल्या सर्व स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला असा अभ्यास जगात आधी झालेला नव्हता. 1994 च्या कैरो इथल्या जागतिक लोकसंख्या परिषदेत स्त्रीच्या आरोग्याचा विचार लोकसंख्या-नियंत्रणाच्या पलीकडे, तिच्या संपूर्ण प्रजनन आरोग्याच्या अंगाने करायचे जगाने मान्य केले. त्या बदलाची जमीन तयार करणाऱ्या संशोधनांत वसा-अमिर्झाच्या बायकांचा वाटा आहे.

गावासाठी याचा अर्थ अधिक साधा होता. आपण एकट्याच नाही, घरोघरी हेच आहे, हे बायकांना कळले आणि त्या बोलू लागल्या. गावोगावच्या दायांचे प्रशिक्षण सुरू झाले. शिकवता शिकवता राणीताई त्यांच्याकडून शिकतही गेल्या. बायकांच्या या जगातून त्यांची ‘गोईण’ आणि ‘कानोसा’ ही पुस्तके आली. गोईण म्हणजे इकडच्या बोलीत जिवाभावाची मैत्रीण.

मण्यांवर मोजलेले श्वास

बालमृत्यूंचा शोध घेताना लक्षात आले की न्यूमोनिया हा इथल्या लहान मुलांचा मोठा काळ आहे. यावर औषध होते, कोट्रायमोक्साझोलसारखे स्वस्त आणि तोंडाने देता येणारे. अडत होते ते रोग ओळखण्यावाचून. खोकला झालेल्या प्रत्येक मुलाला न्यूमोनिया नसतो. मुलाचे श्वास मिनिटाला किती पडतात यावरून तो ओळखता येतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास 60 किंवा त्याहून जास्त, त्यापुढच्या बाळाचे 50 किंवा त्याहून जास्त पडले तर औषध सुरू करायचे. पण गावात चोवीस तास हजर असणारी दाई शाळेत गेलेली नव्हती. साठपर्यंतचे आकडे तिला कुठून यावेत?

यातून श्वासमोजक तयार झाला. दिसायला खेळण्यासारखी वस्तू. पट्टीवर मण्यांच्या दोन ओळी आणि सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. घड्याळ उलटे करायचे, बाळाच्या छातीवरची नजर हलू द्यायची नाही आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दहापर्यंत मोजता आले की पुरे. दोन महिन्यांखालच्या बाळासाठीच्या ओळीत पाच हिरवे मणी आणि मग एक लाल. मोठ्या बाळासाठीच्या ओळीत चार हिरवे आणि मग लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला, म्हणजे बाळाला न्यूमोनिया. औषध लगेच सुरू.

हाताला कोयत्याचे घट्टे पडलेली, अंगठा उठवणारी बाई मांडीवरच्या नातवंडाचे निदान करत होती, आणि ते निदान बरोबर येत होते. गावातले आरोग्य कार्यकर्ते आणि दाया यांच्या हाती हे काम दिल्यावर त्या गावांतले न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा निम्म्याहूनही कमी झाले. 1990 मध्ये याचेही निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ज्ञान लोकांपर्यंत न्यायचे तर ते त्यांच्या हाताला पेलेल अशा रूपात घडवण्याची जबाबदारी शास्त्राची आहे. दाईला आकडे येत नाहीत म्हणून तिला नापास करायचे नसते. ‘सर्च’च्या कार्यपद्धतीचे हे मर्म त्या मण्यांत सापडते.

दारूचा हिशेब

गावोगाव बैठका होऊ लागल्या तसे बायकांनी एक दुखणे पुढे आणले, जे कोणत्याच वैद्यकीय पुस्तकात पहिल्या पानावर नव्हते. ते दुखणे म्हणजे दारू. नवऱ्याच्या मारापासून घरातल्या उपासमारीपर्यंत सगळ्याच्या मुळाशी त्या दारू दाखवत होत्या. संस्थेने इथेही आधी मोजले. जिल्ह्यातले लोक वर्षाला सुमारे 20 कोटी रुपये दारूवर घालवत होते आणि सरकार जिल्ह्याच्या विकासावर खर्च करत होते सुमारे 14 कोटी. एका हाताने आलेले दुसऱ्या हाताने जात होते आणि वर घरचे सहा कोटीही जात होते. हा हिशेब शिकल्या-न शिकल्या प्रत्येकाला समजला.

1988 च्या सुमारास दारूमुक्तीचे आंदोलन उभे राहिले. गावसभांनी ठराव केले, मोर्चे निघाले, बायका भट्ट्यांवर धडकल्या. पाच-सहा वर्षे लोक हटले नाहीत आणि 1993 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. लोकांच्या आंदोलनातून जिल्ह्याला मिळालेली ही बंदी होती. कायद्याने काम संपत नाही हे संस्थेला ठाऊक होते. 2016 पासून राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्यासह सुरू झालेला ‘मुक्तिपथ’ उपक्रम दारूबरोबर तंबाखू आणि खर्ऱ्याच्या व्यसनाविरुद्ध गावसंघटनांना बळ देतो आहे.

दंतेश्वरीच्या सावलीत

आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत? अज्ञान, अंधश्रद्धा ही उत्तरे शहरात तयारच असतात. ‘सर्च’ने लोकांनाच विचारले. त्यांनी जे सांगितले ते ऐकून दवाखान्यालाच आपला चेहरा आरशात पाहावा लागला. तुमच्या दवाखान्याची इमारत एवढी मोठी की आम्ही आत हरवतो. तिथली माणसे आमची बोली बोलत नाहीत. डॉक्टर आणि नर्स पांढऱ्या कपड्यांत हिंडतात, आणि पांढऱ्या कपड्यात आम्ही मढे गुंडाळतो. आजारी माणसाला तुम्ही आत घेता आणि नातलगांना बाहेर काढता. जिथे देव नाही तिथे माणूस बरा कसा होईल?

गडचिरोलीपासून धानोरा रस्त्यावर सुमारे 17 किलोमीटरवर, चातगावजवळ, 1993 मध्ये ‘शोधग्राम’ वसले. तिथला दवाखाना लोकांच्या या उत्तरांवर बेतला गेला. तो आदिवासी पाड्यासारखा दिसतो. सुटी सुटी घरे, मध्ये मोकळे अंगण. रोग्याबरोबर त्याची माणसे राहतात आणि रांधून खातात. दवाखान्याला नाव आहे माँ दंतेश्वरीचे. ही देवी लोकांनीच सुचवली. दरवर्षी तिची जत्रा भरते आणि जत्रेत गावोगावचे आदिवासी एकत्र बसून आपले आरोग्याचे प्रश्न मांडतात. कोणत्या प्रश्नावर आधी काम व्हावे हे ते ठरवतात. अशाच सभेत त्यांनी हिवतापाला पहिले स्थान दिले आणि धानोरा भागातल्या आदिवासी गावांत हिवतापावर काम सुरू झाले. पुढे मोठ्या शहरांतले तज्ज्ञ इथे येऊन शस्त्रक्रिया करू लागले. ज्या उपचारांसाठी नागपूर-मुंबई गाठण्याचा विचारही गरीब माणूस करू शकत नव्हता, ते उपचार त्याला आपल्या जंगलात, आपल्या माणसांच्या सोबतीत मिळू लागले.

नवजात बाळाच्या उशाशी

न्यूमोनियाचे मृत्यू घटल्यावर उरलेले बालमृत्यू कोणते, हे पाहिले तेव्हा बोट पहिल्या महिन्याकडे गेले. तज्ज्ञांचे तेव्हाचे मत असे की नवजात बाळाचा आजार रुग्णालयातच हाताळता येतो. पण रुग्णालय होते कुठे? 1995-96 या वर्षात 39 गावांत जन्मलेल्या 763 बाळांचे त्यांच्या घरी जाऊन निरीक्षण केले गेले. 95 टक्के बाळे घरीच जन्मली होती. 42 टक्के बाळांचे वजन अडीच किलोपेक्षा कमी होते. निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या महिन्यात उपचारांची गरज पडली, आणि ते मिळाले शंभरांत तिघांनाही नाहीत.

मग उपचारच घरी न्यायचे ठरले. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले गेले. आरोग्यदूताचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत शिरण्याआधी ती साबणाने कोपरापर्यंत हात धुते. बाळाला झोळीत घालून काट्याला लावते आणि वजन लिहून घेते. काखेत थर्मामीटर धरते. बाळाचे अंग गार लागले तर त्याला गुंडाळून आईच्या कुशीत देते. मग छातीवरचे कापड दूर करून श्वास मोजते. आईला विचारते, बाळ दूध ओढते का? रडणे बारीक झाले का? हातपाय ढिले सोडते का? बेंबीला पू आहे का? यांतली ठरावीक लक्षणे एकत्र दिसली तर हा जंतुदोष, हे तिला कळते. घरच्यांना ती रुग्णालयात जायला सांगते. त्यांना जमत नसेल तर संमती घेऊन तोंडावाटे औषध आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन सुरू करते. प्रत्येक गोष्ट तक्त्यात भरते आणि पर्यवेक्षक येऊन ती तपासतो.

गावातल्या बाईने नवजात बाळाला इंजेक्शन द्यायचे, यावर वैद्यक क्षेत्रात आक्षेप येणे साहजिक होते. संस्थेने वाद घालण्यापेक्षा आकडे समोर ठेवले. 1993 ते 1995 या काळात या गावांत हजार जिवंत जन्मांमागे 62 बाळे पहिल्या महिन्यात दगावत. अभ्यासाच्या तिसऱ्या वर्षी हे प्रमाण 25 वर आले. 4 डिसेंबर 1999 च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ‘घरोघरी नवजात बालसेवा’ ही कल्पना गडचिरोलीबाहेर पडली.

गावापासून देशापर्यंत

एका जिल्ह्यात झाले ते दुसरीकडे होईल का? महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी ‘अंकुर’ प्रकल्पात हे काम आपापल्या भागात करून पाहिले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच राज्यांत ते तपासले. दरम्यान, ‘सर्च’च्या पुढाकाराने 13 संस्थांनी महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंची मोजणी केली आणि तिचा अहवाल ‘कोवळी पानगळ’ या नावाने लोकांपुढे ठेवला. सरकारी नोंदींत दिसत होते त्याहून कितीतरी अधिक मुले राज्यात मरत होती. त्या नावाने महाराष्ट्र हलला. विधिमंडळात चर्चा झाली आणि शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची एकत्रित शिफारस केली. 2011 मध्ये भारत सरकारने ‘आशा’ ताईंमार्फत हा कार्यक्रम देशभर सुरू केला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ‘आशा’ जाते. घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशीही जाते. 2013 मध्ये केंद्र सरकारने आदिवासी आरोग्यावर तज्ज्ञ समिती नेमली. तिचेही अध्यक्षपद डॉ. बंग यांच्याकडे आले. 2018 मध्ये समितीने अहवाल दिला. देशातल्या दहा कोटींहून अधिक आदिवासींच्या आरोग्याचे एकत्रित चित्र त्यातून प्रथमच उभे राहिले.

2003 चा ‘महाराष्ट्र भूषण’ आणि 2018 ची ‘पद्मश्री’ बंग दांपत्याला मिळाली. या सन्मानांच्या पाठीमागे शेकडो आरोग्यदूत, दाया आणि कार्यकर्ते उभे आहेत. त्यांनी पावसात नाले ओलांडून भरलेले तक्ते या इतिहासाची खरी कागदपत्रे आहेत.

पुढची मोजणी

रोग बदलत आहेत. संस्थेने 86 गावांतल्या मृत्यूंची कारणे शोधली तेव्हा लकवा हे मृत्यूचे पहिले कारण निघाले. साधारण सात मृत्यूंपैकी एक लकव्याने होत होता. ज्याला आपण शहरी, खात्यापित्या माणसाचा आजार समजत होतो, तो धानाच्या बांधावर पोचला आहे. रक्तदाब वाढलेला आहे हे गावातल्या माणसाला कोणी सांगितलेलेच नसते. आदिवासी तरुणांचे प्रश्न, म्हाताऱ्यांची कंबरदुखी, व्यसने हीसुद्धा नव्या मोजणीची क्षेत्रे आहेत. 2006 पासून ‘निर्माण’ शिबिरांतून शेकडो तरुण आपल्या शिक्षणाचा समाजासाठी अर्थ शोधत आहेत. त्यांतले काही डॉक्टर आज दुर्गम भागांत काम करतात.

सर्वांसाठी आरोग्य ही घोषणा 1978 मध्ये अल्मा-आटाला झाली. तिला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा ‘सर्व’मध्ये कोण कोण मोडते हे कोणीतरी दारोदार जाऊन पाहते. वसा-अमिर्झाच्या बायका, आठवड्याचे बाळ, भट्टीसमोर उभी राहिलेली आई, दवाखान्याला घाबरणारा माडिया म्हातारा हे सगळे त्या ‘सर्व’मध्ये आपोआप आले नाहीत. त्यांना एकेक करून मोजावे लागले, आणि मोजणी त्यांच्याच माणसांच्या हातून झाली म्हणून ती खरी ठरली.

आज देशातल्या कोणत्याही खेड्यात एखादी ‘आशा’ ताई सात दिवसांच्या बाळाजवळ बसलेली असेल. तिने हात धुतले असतील. बाळाच्या अंगावरचे दुपटे दूर करून ती श्वास मोजत असेल. गडचिरोलीचे नावही कदाचित तिने ऐकलेले नसेल. तिच्या वहीत त्या बाळाचे वजन चढते, तेव्हा जगाच्या गणतीत एका जिवाची भर पडते. ‘सर्च’च्या चार दशकांची कमाई त्या वहीत लिहिली जात आहे.